सेव्ह का मिळत नाही? एज ऑफ सिग्मारमधले स्पेल आणि अटॅक

नमस्कार मंडळी! 'वॉरहॅमर: एज ऑफ सिग्मार' या टेबलावर छोट्या पुतळ्यांचं सैन्य मांडून खेळायच्या युद्धखेळाच्या प्रत्येक व्हिडिओखाली एक कमेंट ठरलेली: "माझा सेव्ह ३+ आहे, तरी स्पेलवर सेव्ह का नाही?" (सेव्ह ३+ म्हणजे फाशावर ३ किंवा जास्त आले की घाव परतला; स्पेल म्हणजे जादूचा मंत्र.) म्हणून आज तेवढंच बोलू. नियम २०२४ च्या चौथ्या आवृत्तीचे. जुनं पुस्तक उघडून भांडायला येऊ नका.

कास्टिंग, म्हणजे स्पेल टाकणं, पटकन उरकतो. पाळीतला हीरो फेज हा टप्पा, दोन फासे, बेरीज स्पेलच्या कास्टिंग व्हॅल्यूइतकी (त्याला लिहिलेल्या आकड्याइतकी) किंवा जास्त. दोन्हींवर १ आले तर मिसकास्ट. डी३ (१ ते ३) मॉर्टल डॅमेज, म्हणजे सेव्ह न मिळणारं नुकसान, आपल्याच विझार्डला (जादूगाराला). समोरचा विझार्ड ३० इंचांच्या आत असेल तर अनबाइंड करू शकतो, म्हणजे फासे टाकून स्पेल रोखू शकतो, पण त्याची बेरीज तुमच्यापेक्षा जास्त हवी. बरोबरी झाली तर स्पेल लागला.

आता खरी गंमत. अटॅक म्हणजे फाशांची रांग: हिट (वार लागला का), वूंड (जखम झाली का), सेव्ह, मग डॅमेज. "डी३ मॉर्टल डॅमेज द्या" म्हणणारा स्पेल या रांगेत उभाच राहत नाही. तो अटॅक नाही, म्हणून सेव्ह नाही.

पटलं नाही? टार्गेट कव्हरमध्ये (आडोशाला) आहे, हिट रोलला −१. पण कोणत्या हिट रोलला? स्पेलला हिट रोल आहेच कुठे?

अजून नाही? गार्डेड हीरो घ्या. पायदळातला हीरो आपल्या युनिटला (तुकडीला) खेटून उभा असला की १२ इंचांपलीकडून त्याच्यावर शूटिंग करता येत नाही. शूटिंग, मंडळी! रेंज पुरत असेल आणि हीरो दिसत असेल तर स्पेल खुशाल टाका. "हे अन्फेअर आहे" असं लिहिणाऱ्यांनी आपला विझार्ड अनबाइंडच्या रेंजमध्ये आणावा.

वॉर्ड, म्हणजे सेव्हनंतर नुकसान टाळायचा वेगळा फासा, मात्र चालतो. डॅमेजच्या प्रत्येक पॉइंटला वेगळा फासा. तीन पॉइंट, वॉर्ड ५+, तर तीन फासे. एकाच फाशावर तिन्ही वाचवायचे, हा प्रकार बंद करा.

काही शस्त्रांना असलेलं क्रिट (मॉर्टल) वेगळं. तो शस्त्राचाच अटॅक, त्यामुळे हिट रोल होतोच. मूळ फाशावर ६ आला की वूंड आणि सेव्ह गाळून शस्त्राचं डॅमेज मॉर्टल म्हणून जातं. −१ असला तरी ६ तो ६च.

बफचं (फायद्याच्या बदलांचं) गणित: स्पेलने हिटला +१, वर कमांड पॉइंट खर्चून घेतलेल्या ऑल-आउट अटॅकचा +१, तरी शेवटी मिळतो +१च. समोरून −१ लागलेला असेल तरच दुसरा +१ कामाचा. एरवी कमांड पॉइंट पाण्यात.

आणि कम्पॅनियन! शस्त्रासमोर हा शब्द दिसला की तुमच्या बाजूचे बफ त्याला लागत नाहीत; शत्रूचा −१ मात्र लागतो. समजा पाच स्वार: भाल्याचे प्रत्येकी ३ अटॅक, घोड्याच्या टापांचे २, आणि टापा कम्पॅनियन. स्पेलने +१ अटॅक दिला, तर भाल्यांचे २० आणि टापांचे १०, एकूण ३०. चॅम्पियनचा (तुकडीतल्या म्होरक्याचा) जादा अटॅक वेगळा धरा. टापांनाही +१ धरून ३५ फासे उचलणारा गडी प्रत्येक टेबलावर भेटतो. मुद्दाम करत नसेलही, पण फासे हातात घेण्याआधी त्याला वॉरस्क्रोलवर (युनिटच्या माहितीपत्रकावर) शस्त्राची ओळ वाचायला लावा. स्वतःच्या आवाजात, मोठ्याने.