पंच्याहत्तरीची वाट बघणाऱ्या मैत्रिणी

नमस्कार मंडळी! बाईला वय विचारू नये म्हणतात. एसटीचा कंडक्टर मात्र विचारतो, आणि हल्ली बायका तोऱ्यात सांगतात!

कारण सांगते. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. पुढे १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. त्याआधी अर्ध्या तिकिटासाठी बाईला पासष्टी गाठावी लागायची. आता विशीतली पोरगी आणि सत्तरीतली आजी, दोघींना एकच भाव. म्हणजे एसटीत बाईच्या वयाला मान उरला तो एकदम पंच्याहत्तरीला.

आता समजा, भजनी मंडळ आळंदीला निघालंय. एक काकू आधार कार्ड नाचवत म्हणतात, "माझं फुकट!" शेजारच्या काकू अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजता मोजता भडकतात. "अहो कंडक्टर, माझ्या लग्नात ही परकर-पोलक्यात नाक पुसत फिरत होती. आणि आज ही माझ्याहून मोठी?"

ही सगळी एक जूनची करणी. त्या पिढीत जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? मूल शाळेत घातलं की गुरुजी अंदाजानं साल धरायचे आणि तारीख टाकायचे १ जून. आजही जरा वयस्कर मंडळींची आधार कार्डं काढून बघा, निम्मा गाव एकाच दिवशी जन्मलेला!

"तुला गुरुजींनी तरुण ठेवलं ना," फुकटवाल्या काकू म्हणतात, "मग दर एक जूनला त्यांच्या नावानं पेढे वाट." अख्खी बस हसते.

हेच सून म्हणाली असती, "आई, तुमचं वय झालंय आता," तर दोन दिवस अबोला. मैत्रिणीचं चालतं, कारण बोलणारीचा गुडघाही तेवढाच कुरकुरत असतो. माझ्या मते म्हातारपणाची थट्टा करायचा हक्क फक्त बरोबरीच्या मैत्रिणीला आहे. आम्ही तरुणांनी तिथे तोंड घालू नये.

नावं विसरण्याचंही तसंच. "तो गं तो... जिभेवर आहे बघ... ज्याची बायको पोळ्या करायची!" धंदा आठवतो, बायको आठवते, नाव नाही. याला कारण आहे. 'भाजीवाला' म्हटलं की हातगाडी, तराजू, कोथिंबीर सगळं डोळ्यापुढे येतं. 'कुलकर्णी' म्हटलं की त्या माणसाबद्दल काहीच कळत नाही, म्हणून ते नाव आधी निसटतं. तिघी मिळून शोधून काढतात. तोवर विषय काय होता तेच विसरलेलं असतं!

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सेन सांगतात की पुढचा काळ थोडा उरलाय असं जाणवलं की माणूस वरवरच्या ओळखी गाळतो आणि जिवाभावाच्या माणसांत रमतो. म्हणून आईच्या मैत्रिणी कमी झाल्या की लगेच काळजी करत बसू नका. उरल्यात त्या कोण, ते बघा.

आणि कुणाच्या आईला पंच्याहत्तर पूर्ण झाली असतील, तर आधार कार्ड बरोबर द्या. शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, ते मागून घ्यायला सांगा. शहर बसला ही सवलत नाही, आणि राज्याच्या हद्दीपलीकडचे पैसे पडतात. बरोबरची मैत्रीण चौऱ्याहत्तरची असेल, तर तिच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे कुणी द्यायचे, ते त्या दोघी भांडून ठरवतील.