कॉल पोहोचवण्याचे पैसे

(दृश्य : गिरगावातली एक चाळ. सकाळची वेळ. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली टेलिफोनची जुनी वायर, तिच्यावर रंगाचे थरावर थर.)

या भिंतीवरून गेलेली वायर आता कुठेच जात नाही. पूर्वी ती कोणाच्या खोलीत जात होती, हे मात्र चाळीतली वयस्कर माणसे आजही न अडखळता सांगतात. १९८०च्या दशकात अशा चाळींमध्ये तीस-चाळीस बिऱ्हाडांत मिळून एखाद्याच खोलीत फोन असे, आणि तोच नंबर बाकीच्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर, लग्नपत्रिकेवर आणि नोकरीच्या अर्जावर 'पी.पी.' (म्हणजे फोन आपला नाही, शेजाऱ्यांचा) अशी दोन अक्षरे जोडून लिहिला जाई. फोन आला की गॅलरीतून हाक येई, "अहो वहिनी, तुमच्या माहेरचा फोन! दहा मिनिटांनी परत करतो म्हणालेत." ती दहा मिनिटे वहिनी शेजाऱ्यांच्या कॉटच्या कडेला अंग चोरून बसून काढत. येणाऱ्या फोनची किंमत अशी संकोचाने चुकवावी लागे. जाणाऱ्या फोनला रोख पैसे पडत, म्हणून डायलच्या एका भोकात छोटेसे कुलूप अडकवलेले असे. (रिसीव्हर ठेवायच्या खटक्यावर मोजून टिचक्या मारल्या की कुलूप न उघडताही नंबर लागतो, हा शोध चाळीतल्या पोरांनी केव्हाच लावला होता. फोनच्या मालकाला तो बिल आल्यावर लागे.)

फोन करणाऱ्याने किती पैसे द्यायचे, घेणाऱ्याने किती, आणि ते कोणाच्या खिशात जायचे, हा प्रश्न चाळीत गमतीचा होता. देशाच्या दूरसंचार बाजारात पुढची पंचवीस वर्षे तोच सर्वांत मोठ्या भांडणाचा विषय ठरला. बाजार खुला झाला म्हणजे परवाने वाटले गेले, असे आपण साधारणपणे समजतो. प्रत्यक्षात एका कंपनीची तार दुसऱ्या कंपनीच्या तारेला जिथे जोडली जाते, त्या सांध्यावर काय दर लागतो, यावर या बाजारातले बरेच काही ठरले आहे.

मुंबईत पहिले टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले, तेही एका खासगी कंपनीचे. ती व्यवस्था १९४३ साली सरकारने ताब्यात घेतली. स्वातंत्र्यानंतर टेलिफोन ही पोस्ट आणि तार खात्याची बाब राहिली, आणि १९८६ साली मुंबई व दिल्ली या दोन शहरांसाठी महानगर टेलिफोन निगम, म्हणजे एमटीएनएल, स्थापन झाले. मालक बदलले, तरी रांग हलली नाही. १९९४ साली देशात सुमारे ८० लाख जोडण्या होत्या आणि सुमारे २५ लाख अर्जदार प्रतीक्षायादीत होते. दर शंभर माणसांमागे एक फोनही नव्हता. जास्त अनामत भरून रांगेत पुढे सरकण्याची 'ओन युवर टेलिफोन' नावाची अधिकृत सोय होती. ज्याला ती परवडत नसे तो कोपऱ्यावरच्या पिवळ्या एसटीडी बूथमध्ये रात्री अकरा वाजण्याची वाट पाहत उभा राही, कारण त्यानंतर दर पाव होत. बूथमधल्या मीटरचे लाल आकडे पळू लागले की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप भरभर होई, आणि "बाकी सगळं ठीक" या वाक्याने एकदम संपे.

(दृश्य : फोर्टमधला रस्ता, गर्दी. एका जुन्या मोबाइल हँडसेटचे जवळून दर्शन.)

१९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना मूलभूत टेलिफोन सेवेत वाव दिला. चार महानगरांतल्या मोबाइल सेवेच्या निविदा त्याआधीच, १९९२ साली, मागवल्या गेल्या होत्या. निवडीवरून वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर नोव्हेंबर १९९४ मध्ये प्रत्येक महानगरात दोन याप्रमाणे परवाने दिले गेले. मुंबईत ते बीपीएल मोबाइल आणि हचिसन मॅक्स यांना मिळाले. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल कोलकात्याहून झाला. मुंबईतली सेवाही त्याच वर्षी सुरू झाली.

त्या काळात गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे लागू शकत, आणि फोन आला तरी पैसे घेणाऱ्यालाच पडत. हे दुसरे कलम पहिल्यापेक्षा महत्त्वाचे होते. एमटीएनएलच्या घरगुती फोनवरून कोणी मोबाइल लावला तर त्याचे पैसे एमटीएनएलकडे जमा होत. तो कॉल हवेतून ग्राहकापर्यंत नेणाऱ्या मोबाइल कंपनीला त्यातून काहीच मिळत नसे, म्हणून ती आपल्याच ग्राहकाकडून येणाऱ्या कॉलचे पैसे घेई. परिणामी मोबाइल असलेली माणसे पडद्यावर नंबर पाहून फोन कापत आणि जवळच्या बूथवरून उलट फोन करत. खिशातल्या यंत्राचा उपयोग पेजरसारखा होई.

हे बदलायला आठ वर्षे लागली, आणि त्यातली बरीचशी न्यायालयात गेली. धोरण आखणारे, परवाना देणारे आणि स्वतः फोन चालवणारे खाते एकच असल्यामुळे, आजच्या भाषेत सांगायचे तर फिर्यादीच न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसला होता. म्हणून १९९७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, अस्तित्वात आले. लँडलाइनवरून मोबाइलला केलेल्या कॉलचा दर हा त्याच्यापुढे आलेल्या पहिल्या वादांपैकी एक होता. 'जो कॉल करील त्याने पैसे द्यावेत' हा नियम ट्रायने १९९९ साली आणायचा प्रयत्न केला, पण तो दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही. त्यानंतर सरकारने कायदा दुरुस्त केला आणि तंटे सोडवण्यासाठी वेगळे न्यायाधिकरण नेमले. दरम्यान, परवान्यांसाठी भरमसाट बोली लावून बसलेल्या कंपन्यांना १९९९च्या नव्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातला वाटा देण्याची मुभा दिली. ही सवलत होती की सुटका, यावर त्या काळी पुष्कळ शाई खर्च झाली. माझ्या मते ती सुटकाच होती, आणि ती दिली नसती तर निम्मी दुकाने तेव्हाच बंद पडली असती.

मग १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, येणारा कॉल फुकट झाला.

(दृश्य : दादर स्थानक, संध्याकाळ. पुलावरून उतरणारी माणसे, हातात फोन.)

त्या एका बदलाचे मुंबईने काय केले, हे पाहण्यासारखे होते. भाजीवाले, सुतार, प्लंबर, रिक्षावाले यांनी फोन घेतले, कारण आता आलेला फोन उचलणे फुकट होते आणि गिऱ्हाइकाचा फोन म्हणजे कमाई होती. 'मिस्ड कॉल' नावाची एक भाषाच तयार झाली. एक रिंग म्हणजे दादरला उतरलो, दोन रिंगा म्हणजे गाडी चुकली, भात लावू नकोस. या संदेशांसाठी कंपनीची यंत्रणा पूर्ण राबे आणि तिच्या हाती एक पैसाही पडत नसे.

जो कॉल करील तो पैसे देईल, हे ठरले. पण पैसे घेणार करणाऱ्याची कंपनी आणि कॉल पोहोचवणार दुसऱ्याची, तर मग दुसरीला काय? इथे टर्मिनेशन चार्ज आला. त्याला कॉलवरची जकात म्हणता येईल. दहिसर किंवा मुलुंडच्या नाक्यावर माल शहरात आणताना जसे पैसे भरावे लागत, तसे एका जाळ्यातून दुसऱ्यात शिरणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे कॉल पाठवणारी कंपनी पोहोचवणाऱ्या कंपनीला पैसे देई. २००४ साली हा दर मिनिटाला ३० पैसे झाला, २००९ साली २०, आणि २०१५ साली १४.

पैसे कमी दिसतात, पण त्यांची दिशा पाहिली पाहिजे. समजा शहरात शंभर फोन आहेत आणि त्यातले दहाच नव्या कंपनीचे आहेत. तिच्या ग्राहकाने दहा कॉल केले तर त्यातले नऊ बहुधा दुसऱ्यांच्या जाळ्यात जाणार, म्हणजे नऊ वेळा जकात. जुन्या, मोठ्या कंपनीचे बहुतेक कॉल मात्र घरातल्या घरात राहतात. त्यामुळे दर जितका चढा, तितका लहान कंपनीचा पैसा मोठीकडे वाहतो, आणि स्वस्त दर लावून ग्राहक ओढणे तिला तितकेच जड जाते. मोठ्या कंपन्यांचे म्हणणे असे की टॉवर, वीज आणि रेडिओलहरी यांचा खर्च खरा आहे आणि तो फुकट कोणी का करावा. दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळेच हा तंटा इतका चिवट ठरला.

२०१६ साली तो उघड्यावर आला. ५ सप्टेंबरला जिओने फुकट कॉल देत सेवा सुरू केली आणि तिच्याकडून बाहेर जाणाऱ्या कॉलचा लोंढा सांध्यावर तुंबला. नियम असा होता की सांध्यावर हजारातले पाचपेक्षा जास्त कॉल अडू नयेत. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त अडत होते. जुन्या कंपन्या पुरेसे सांधे देत नाहीत, ही नव्या कंपनीची तक्रार होती. फुकट वाटलेल्या कॉलचा बोजा आम्ही का वाहावा, हे जुन्यांचे उत्तर होते. ट्रायने ऑक्टोबरमध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांचा दंड करण्याची शिफारस केली. पुढच्या वर्षी टर्मिनेशन चार्ज १४ पैशांवरून ६ पैशांवर आला. मुंबईची खरी जकातही वस्तू आणि सेवा कराच्या आगमनाने त्याच वर्षी गेली, हा निव्वळ योगायोग. १ जानेवारी २०२१ पासून हा दर शून्य आहे.

जकात उठली तोवर व्यापारी मात्र थोडेच उरले होते. २०१० च्या सुमारास चर्चगेटबाहेर किंवा कुर्ल्याच्या फलाटाजवळ रंगीबेरंगी छत्र्यांखाली सिमकार्डे विकली जात. २००८ साली दिलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रद्द केले आणि त्यातल्या बऱ्याच छत्र्या मिटल्या. बीपीएल मोबाइल पुढे लूप झाली होती. तिचा वीस वर्षांचा परवाना नोव्हेंबर २०१४ मध्ये संपला आणि मुंबईच्या पहिल्या दोन मोबाइल कंपन्यांपैकी एक कायमची बंद झाली. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून होती, म्हणून तिच्या ग्राहकांचे नंबर तरी वाचले. दुसरीची गोष्ट वेगळी. मॅक्स टच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि आता व्ही, अशी पाच नावे एकाच सिमकार्डाने पाहिली, आणि थकीत देण्यांचे शेअर्समध्ये रूपांतर झाल्यामुळे त्या कंपनीत आज सर्वांत मोठा भागधारक सरकार आहे. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्ही या उरलेल्या तिन्ही खासगी कंपन्यांचे वाढलेले दर एका दिवसाच्या अंतराने लागू झाले. ग्राहकाने कंपनी बदलायचे ठरवले तरी जायचे कुठे, हे त्याला पटकन सुचले नाही.

एमटीएनएलचे काय झाले? तिच्या १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी २०१९च्या योजनेत स्वेच्छानिवृत्ती घेतली. पावसात केबलमध्ये पाणी शिरले की फुटपाथवरच्या लोखंडी डब्यापुढे उकिडवा बसून शेकडो तारांतून नेमकी आपल्या घराची जोडी शोधून काढणारा लाइनमन त्यांच्याबरोबर गेला. डबे राहिले. त्यातल्या काहींवर आता चहाचे ग्लास ठेवले जातात.

(दृश्य : गिरगावातले एक किराणा दुकान. रंगवलेली पाटी, खाली टेलिफोन नंबर.)

या दुकानाच्या पाटीवरचा नंबर नीट पाहा. सात आकडे पिवळ्या रंगात, एकाच हाताचे, सुबक आहेत. त्यांच्या आधीचा '२' लाल आहे, थोडा तिरका, नंतर रंगवलेला. नव्या कंपन्यांना नंबर द्यायचे तर सात आकड्यांत जागा पुरेना, म्हणून नव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचे नंबर आठ आकडी झाले आणि एमटीएनएलच्या वाट्याला पुढचा २ आला. दुकानदाराने तेव्हा पेंटरला बोलावून तो घालून घेतला होता. तो फोन बरीच वर्षे बंद आहे. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात, आणि तो नंबर पाटीवर नाही, काउंटरच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर आहे.