साठीनंतर पाण्याखाली

स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्याचा कोर्स. तरणतलावाचा उथळ भाग. पाणी जेमतेम छातीइतकं. एकसष्ट वर्षांच्या या बाई तळाशी गुडघे टेकून बसल्या आहेत. तोंडात सिलिंडरमधली हवा देणारा रेग्युलेटर, डोळ्यांवर आणि नाकावर मास्क. प्रशिक्षक खूण करतो: मास्क काढा.

हात मास्कपर्यंत जातो. थांबतो. खाली येतो.

हवा भरपूर आहे, हे त्यांना कळतंय. पण नाकाला पाणी लागलं की श्वास रोखायचा, ही जन्माची सवय. आणि इथला पहिला नियम नेमका उलटा: श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होते. ती बाहेर सोडली नाही, तर फुप्फुसाला इजा होते. अगदी दीड-दोन मीटरवरूनसुद्धा.

हात पुन्हा वर जातो. मास्क निघतो. डोळे घट्ट मिटलेले. बुडबुडे थांबतात... आणि सुरू होतात. मास्क पुन्हा चढतो. वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून, नाकाने उच्छ्वास. काचेआडचं पाणी उतरू लागतं. भुवया दिसतात, मग डोळे. उघडे.

या वयात लोक ताकदीचं विचारतात. विचारायला हवं ते हृदयाचं. पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयाचं काम वाढतं. म्हणून आरोग्याच्या फॉर्ममध्ये पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना जास्तीचे प्रश्न असतात: धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल. तिथे काही लपवू नका. डॉक्टर नाही म्हणाले, तर कोर्स राहू द्या.

वयाला मात्र वरची मर्यादा नाही. ब्रिटनचे रे वूली २०१८ मध्ये, वयाच्या ९५व्या वर्षी, सायप्रसजवळ बुडालेल्या झेनोबिया जहाजापाशी ४० मीटरपेक्षा खोल उतरले. त्यांच्या गाठीशी कित्येक दशकांचा अनुभव होता. पहिल्या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंतच जाता येतं, आणि नवख्याला तेवढं पुष्कळ आहे.

समुद्राचा दिवस. सगळ्यात अवघड जागा पाण्यात नाही, बोटीवर आहे. सिलिंडर, जॅकेट, शिशाची वजनं. उभं राहताना गुडघे कुरकुरतात. बाई बसूनच राहतात, सिलिंडर कुणीतरी पाठीला लावून देतं. अशी मदत बिनदिक्कत मागावी. पाण्यात हेच ओझं नाहीसं होतं.

दोर धरून उतरणं. दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकी फुंकर, कान दुखायच्या आधीच. चौथ्या मीटरला डावा कान अडतो. त्या थोड्या वर येतात, पुन्हा फुंकर मारतात. प्रशिक्षक थांबतो. घाई कुणालाच नाही.

बारा मीटर. बोटीवर लालभडक असलेले पायांतले फिन्स (पोहण्याचे पंख) इथे तपकिरी दिसतात. श्वास लांबलाय. पाय जवळजवळ स्थिर.

परतताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. इथे वर केलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. प्रशिक्षक अंगठा दाखवतो. बाई सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा गेज बघतात: ९० बार शिल्लक. एकदा खाली बघतात. मग आपला अंगठा वर करतात.