होडी वाऱ्याकडे का वळते आणि मुलं मार्कांकडे का

विषय तुम्हाला कळवलाय तो 'मार्कांशिवाय लेखन शिकवणं', आणि मी त्यावरच बोलणार आहे, पण आधी थोडं कयाकबद्दल, म्हणजे पॅडलने चालवायच्या छोट्या निमुळत्या होडीबद्दल, बोलू द्या, कारण मला जे सुचलं ते पाण्यात सुचलं.

मी एकटीच जाते. लाइफ जॅकेट कायम अंगात, कुठे चाललेय आणि किती वाजता परतणार हे घरी लिहून ठेवते, आणि कपडे हवा बघून नाही, पाणी किती थंड आहे ते बघून घालते. हे शेवटचं फार महत्त्वाचं बरं का, खूप थंड पाण्यात पडलात तर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यातच जातं, मग जेमतेम दहा मिनिटं हातपाय नीट चालतात, परत बोटीत चढायचं ते तेवढ्यात. एकटं जाणाऱ्याने हे पाठच करावं. असो.

तर सुरुवातीच्या दिवसांत एकदा वारा आडवा होता, आणि बोटीचं पुढचं टोक सारखं वाऱ्याकडे वळायचं. मी वाऱ्याच्या बाजूने जोरजोरात पॅडल मारून ते परत आणायचे, पुन्हा वळायचं, असं अर्धा तास, एक खांदा पार गेला, आणि मला वाटत राहिलं की माझंच पॅडल मारणं कच्चं आहे. नंतर कळलं कारण. बोट पुढे जाते तेव्हा पुढचं टोक न ढवळलेल्या पाण्यात घट्ट धरलेलं असतं, मागचं टोक ढवळलेल्या पाण्यात सैल, वारा त्याला ढकलतो, म्हणून नाक आपोआप वाऱ्याकडे. त्यासाठीच मागे तळाला स्केग असतो, छोटीशी पाती, ती थोडी खाली सोडली की मागच्या टोकाला पकड येते. माझ्या बोटीला होता की! मी सोडलाच नव्हता.

आणि वर्गात मी वर्षानुवर्षं काय करत होते? 'मार्कांसाठी लिहू नका' असं सांगत होते. म्हणजे एकाच बाजूने पॅडल मारणं. वारा तर वाहणारच ना, बदल बोटीत करायला हवा.

पाचच मिनिटं राहिलीत म्हणतायत, तर भरभर सांगते. शिक्षण-संशोधक रूथ बटलर यांचा १९८८चा अभ्यास बघा, शाळकरी मुलांना कुणाला फक्त मार्क, कुणाला फक्त शेरे, कुणाला दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा तो फायदा झाला नाही, मार्क दिसले की शेरा कोण वाचतो! आणि १९१२ साली स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीचा एकच पेपर शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतला, मार्क आले ६४ पासून ९८ पर्यंत. पेपर तोच!

म्हणून मी मसुद्यावर आकडा टाकत नाही, फक्त शेरे, आणि पुन्हा लिहायची मुभा. सुरुवातीलाच करार होतो, इतके मसुदे, इतकी दुरुस्ती, एकमेकांच्या लिखाणावर इतके प्रतिसाद, एवढं पूर्ण झालं की बी ग्रेड नक्की. ही कल्पना लेखन शिकवणारे अमेरिकी प्राध्यापक पीटर एल्बो यांच्याकडून घेतली. बीपेक्षा वरची ग्रेड हवी असेल तर ती विद्यार्थ्याने आपल्या कामाचे पुरावे घेऊन बसून माझ्याशी बोलून ठरवायची.

अडचणीही आहेत. आधी करारात मी लिहिण्याला दिलेले तास मोजायचे, पण नोकरी करून शिकणाऱ्या मुलाकडे तास असतात कुठे? आता मसुदे मोजते, तरी तो प्रश्न पुरता सुटलेला नाही, आणि तो मला खरंच छळतो. तुमच्यापैकी कुणी काही करून बघितलं असेल तर सांगा, मी थांबतेय.