बगलेतलं गाठोडं

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या वेशीशी एक हत्ती बसला आणि साठी ओलांडलेला एक माणूस त्यावरून खाली उतरला. एका पायाने लंगडत तो चालू लागला. साल 1792, महिना जूनचा. हा माणूस म्हणजे महादजी शिंदे. दिल्लीचा बादशहा त्या वेळी त्यांच्या आधाराने तख्तावर बसलेला. फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेल्या त्यांच्या पलटणींनी राजपुतान्यापर्यंत दबदबा बसवलेला. ते हत्तीवरून थेट दरबाराच्या दारापर्यंत गेले असते, तरी त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती. ते चालत गेले आणि दरबारात सगळ्या मानकऱ्यांच्या खाली, पार शेवटी, उभे राहिले.

श्रीमंत आले. पेशवे सवाई माधवराव, वय वर्षं अठरा. त्यांनी महादजींना वर येऊन बसायला सांगितलं. महादजी म्हणाले, आपली तेवढी योग्यता नाही. मग त्यांनी बगलेतलं एक गाठोडं काढलं, सोडलं आणि त्यातला नवा जोडा पेशव्यांच्या पायाशी ठेवला. आमचं काम हे, आमच्या वडिलांचंही हेच. श्रीमंतांच्या पायातला जुना जोडा त्यांनी नीट फडक्यात गुंडाळला आणि पुन्हा बगलेत धरला. मग कुठे, फार आग्रह झाल्यावर, ते बसले. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

मी ऐतिहासिक गोष्टी लिहितो. हा प्रसंग मी किती वेळा लिहिला आणि किती वेळा फाडला, त्याची गणती नाही. दर वेळी एकाच जागी अडायचो. ते जोडे ठेवणं खरं होतं की सोंग? कुणी म्हणतं, पाटीलबावांची स्वामिनिष्ठा. त्यांना सगळे पाटीलबावा म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. कुणी म्हणतं, हा सगळा कावा, पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांना शह द्यायचा डाव. मला आता वाटतं, आपण महादजींच्या हातांकडे पाहत बसतो आणि ज्याच्या पायाशी तो जोडा ठेवला, त्या मुलाकडे कुणी बघतच नाही.

हा मुलगा कोण, ते आठवा. त्याचे वडील नारायणराव. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, त्यांना मारलं, तेव्हा हा आईच्या पोटात होता. 18 एप्रिल 1774 ला पुरंदर किल्ल्यावर जन्म झाला. चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रं मिळाली. तीन वर्षांचा असताना आई गंगाबाईही गेली. पाळण्यातल्या या पोराच्या नावाने बारभाईंनी, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाने, कारभार हाकला, पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या चुलत आजोबा राघोबादादांशी आणि इंग्रजांशी लढाई केली, वडगावला इंग्रजांना तहावर सही करायला लावली. नाना पुण्यात बसून मसलत करायचे, महादजी रणात होते. तोवर दोघांचं जमलं होतं, कारण मूल लहान होतं. लहान मुलाच्या मनावर हक्क कोण सांगणार?

दोघांच्या आयुष्यात एक जागा समान आहे, पानिपत. 1761 साली नाना एकोणीस वर्षांचे. आईला घेऊन सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर उत्तरेला गेले होते, तीर्थयात्रा घडेल म्हणून. लढाई बुडाली, आई तिथेच गमावली, आणि हा कोवळा फडणीस जीव मुठीत धरून रानावनातून परत आला. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं छोटंसं आत्मचरित्र आहे. त्यातला हा भाग वाचताना अंगावर काटा येतो. तोच दिवस महादजींचा. पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराने गुडघ्यावर घाव घातला आणि मेलाच म्हणून टाकून गेला. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना उचललं, आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेत आणलं. पाय जन्माचा अधू झाला. पुढे महादजी मोठे झाले तेव्हा त्यांनी या पाणक्याला भाऊ म्हटलं आणि सरदार केलं. एका माणसाच्या हातून दुसऱ्याचा जीव वाचतो, तर त्याची परतफेड किती मोठी असू शकते, हे पाहायचं तर राणेखानाकडे पाहावं.

पानिपतातून नाना शिकले की कागद सोडायचा नाही, हिशेब सोडायचा नाही, कुणावर डोळे मिटून विसंबायचं नाही. महादजी शिकले ते वेगळंच. हिंदुस्थान पुन्हा हातात आला पाहिजे आणि त्यासाठी लागेल तेवढा पैसा ओतला पाहिजे. तीस वर्षांनी पुण्यात समोरासमोर बसले तेव्हा भांडणाचा मूळ मुद्दा अगदी घरगुती होता. तो म्हणजे हिशेब. नानांचं म्हणणं, उत्तरेतला मुलूख श्रीमंतांचा, तर त्याचा वसूल कुठे आहे? महादजींचं म्हणणं, फौजेवर माझे कोट्यवधी खर्च झाले, ते सरकारकडून येणं आहे. पेशवाईतलं सगळ्यात मोठं वैर म्हणजे जमाखर्चाच्या दोन वह्यांचं वैर. आपल्या भाऊबंदकीतसुद्धा असंच होतं ना? वाटणीच्या कागदावर बसलेले दोन भाऊ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ते दालन दिसेल.

महादजी येताना बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, ही पदवी आणि वस्त्रं घेऊन आले होते. नानांना हे मुळीच पसंत नव्हतं. आपले छत्रपती साताऱ्यात असताना पेशव्यांनी दिल्लीच्या तख्तापुढे का वाकायचं? मला नानांचं हे म्हणणं आजही बिनतोड वाटतं. शेवटी साताऱ्याहून परवानगी आणली गेली, पण ‘महाराजाधिराज’ हा किताब तेवढा वगळायचा ठरला, कारण तो छत्रपतींचा मान. मग शामियाने उभे राहिले, रिकाम्या तख्तासमोर पेशव्यांनी नजराणा ठेवला, मुजरे केले, फर्मान वाचलं गेलं. त्यात गोवधबंदीचाही हुकूम होता. श्रीमंत नालकीत, म्हणजे मानाच्या पालखीत, बसून परतले, पुढे माही मरातब ही बादशाही मानचिन्हं चालली. पुण्याने असा थाट त्याआधी पाहिला नव्हता.

आता त्या मुलाच्या बाजूने हे सगळं कसं दिसलं असेल? नानांनी त्याला सांभाळलं, शिकवलं, पण फार जपून. कधी उठायचं, कुणाला भेटायचं, सगळ्यावर नजर. वडील वाड्याच्या भिंतींआडच मारले गेले, तेव्हा नानांची भीती खोटी नव्हती. पण अठरा वर्षांच्या मुलाला ती भीती कशी कळावी? त्याला जनावरांचं वेड होतं. पर्वतीच्या पायथ्याशी त्याने शिकारखाना बाळगला होता. अशा मुलापुढे एक लंगडा म्हातारा येतो, उत्तरेतल्या गोष्टी सांगतो, शिकारीला नेतो, पुण्याजवळ वानवडीच्या आपल्या छावणीत बोलावून उत्तरेकडच्या थाटाने रंग खेळवतो. शाहिरांनी त्या रंगावर पोवाडा बांधला. पिचकाऱ्या, गुलाल, भिजलेली अंगरखी. त्या दिवशी तो मुलगा पोट धरून हसला असेल, असं मी धरून चालतो.

नाना मात्र वाड्यात बसून मोजत होते, श्रीमंत वानवडीला किती वेळा गेले ते. त्यांनी परशुरामभाऊ पटवर्धनांना फौजेसह बोलावून घेतलं. तिकडे उत्तरेत 1793 मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या पलटणींनी होळकरांचा मोड केला. एकाच धन्याचे दोन सरदार, एकाच जरीपटक्याखाली वाढलेले, एकमेकांवर तोफा डागत होते. लाखेरीबद्दल लिहायला माझा हात होत नाही. एवढंच सांगतो की ती बातमी पुण्याला आली तेव्हा नाना-महादजींमधली तेढ कळसाला पोचली होती.

आणि मग नानांनी आपलं शेवटचं अस्त्र काढलं. ते श्रीमंतांसमोर गेले, जन्मापासून आपण काय काय केलं ते एकेक सांगितलं, आणि म्हणाले, आता आम्हाला काशीला जायची आज्ञा द्यावी. ज्या माणसाने तुम्हाला पाळण्यात असल्यापासून राखलं, तो एक दिवस समोर येऊन म्हणतो, मी चाललो. त्या मुलाला रडू कोसळलं. त्याने क्षमा मागितली, तुमच्या सल्ल्याबाहेर जाणार नाही म्हणाला. पुढे हरिपंत फडक्यांसारख्या समंजस माणसांनी मध्ये पडून नाना आणि महादजींचा वरवरचा का होईना, समेट केला.

श्रोतेहो, एकाने पायाशी जोडा ठेवला, दुसऱ्याने काशीचं नाव काढलं. दोघांनी आपापलं सगळ्यात जड वजन त्या पोराच्या पारड्यात टाकलं. दोघांचंही त्याच्यावर प्रेम होतं, हे मी मनापासून म्हणतो. दोघांनाही आपल्यामागे हे राज्य याच मुलाच्या हातात द्यायचं होतं. पण दोघांनाही तो हात आपल्याच हातात हवा होता.

12 फेब्रुवारी 1794 ला वानवडीला महादजी तापाने गेले. त्यांची छत्री आज तिथे उभी आहे. पुण्यात असाल तर एकदा जा, सकाळी जा, गर्दी नसते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला, मराठ्यांचे सगळे सरदार तिथे एकत्र आले होते. आणि त्याच वर्षी, 25 ऑक्टोबर 1795 ला, सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली कारंज्यावर पडले. दोन दिवसांनी ते गेले. एकविसावं वर्ष नुकतंच सरलं होतं. कुणी तापाचा झटका म्हणतं, कुणी जिवाचा कंटाळा. त्याआधी बंदीत असलेल्या, राघोबादादांच्या मुलाशी, बाजीरावाशी त्यांचा पत्रव्यवहार नानांनी पकडला होता, पहारे आणखी आवळले होते. मी कोवळ्या वयाच्या मुलांना शनिवारवाड्यात हजारी कारंज्याभोवती फोटो काढताना पाहतो, तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघत नाही. 1800 च्या मार्चमध्ये नानाही गेले. इंग्रजांचा वकील पामर याने लिहिलं की मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर संपला. शत्रूच्या दरबारातल्या माणसाने दिलेली ही कबुली आहे.

गोष्ट लिहिणाऱ्याने कागदाला धक्का लावू नये, असं मी मानतो. तारीख बदलायची नाही, मेलेल्या माणसाच्या तोंडी त्याला काळिमा लागेल असं वाक्य घालायचं नाही, लढाई जिंकलेल्याला हरवायचं नाही. गो. स. सरदेसाईंनी पेशवे दप्तरातून निवडून पंचेचाळीस खंड छापले, ते समोर असताना मनाला येईल ते लिहिणं हा त्या मेहनतीचा अपमान आहे. पण कागदाला जिथे आवाज नाही, दोन पत्रांच्या मधली जी रात्र आहे, तिथे गोष्टीने दिवा घेऊन जावं. तेवढी जागा आपली.

म्हणून माझी गोष्ट कारंज्यापर्यंत जात नाही. ती 1794 च्या फेब्रुवारीत, वानवडीच्या बातमीनंतर तीन-चार दिवसांनी थांबते. आता सांगतो तो प्रसंग माझ्या कल्पनेतला आहे.

संध्याकाळ झाली आहे. वाड्यात समया लागल्या आहेत. शिंद्यांकडचा एक म्हातारा कारकून आत येतो, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. पाटीलबावांच्या उशाशी होतं, म्हणतो. श्रीमंत स्वतः गाठ सोडतात. आत त्यांचाच जुना जोडा. टाचा झिजलेल्या, एका बाजूची जर उसवलेली. दीड वर्षात त्यावर धुळीचा कण बसू दिलेला नाही.

नाना शेजारी उभे आहेत. ते बराच वेळ बोलत नाहीत. मग सवयीने कारकुनाकडे वळतात.

“लिहा. जोडा एक, जुना. शिंद्यांकडून जमा.”

कारकून बोरू शाईत बुडवतो.

“नाना,” श्रीमंत म्हणतात, “हे नका लिहू.”

बोरूच्या टोकाशी शाईचा थेंब जमतो. नाना कारकुनाच्या हातातून वही घेतात आणि मिटतात.

नमस्कार.