आपल्याच घराची बातमी

(राजवाडा, पहाट. पेपरचे गठ्ठे सुटताहेत.)

इंदूरच्या मराठी घरांतही दिवस हिंदी पेपरनं सुरू होतो. इथल्या ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते मराठी होते, आणि हिंदीतले नामवंत संपादक प्रभाष जोशी याच पेपरात घडले. २००९च्या लोकसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांविरुद्ध, म्हणजे ‘पेड न्यूज’विरुद्ध, जोशी शेवटपर्यंत लिहीत राहिले. ५ नोव्हेंबरला ते गेले. त्याच महिन्यात पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं, की तीन स्पर्धक मराठी दैनिकांत एका मुख्यमंत्र्यांची स्तुती जवळजवळ शब्दशः एकच होती.

पेपरच्या धंद्याची बातमी करणाऱ्याचं कौतुक कोण करणार? अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठाच्या न्यूहाउस स्कूलचे ‘मिरर अवॉर्ड्स’ खास त्यासाठीच आहेत. त्याआधी, १९९१ साली, ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या डेव्हिड शॉ यांना पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मॅकमार्टिन या बालशाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांचा खटला पेपरांनी किती एकतर्फी रंगवला, हे त्यांनी लिहिलं होतं, आणि त्यात त्यांचा स्वतःचा पेपरही सुटला नव्हता. पुढे १९९९मध्ये याच पेपरनं एका क्रीडासंकुलावर खास अंक काढला आणि जाहिरातींचा नफा त्या संकुलाशीच वाटून घेतला. संपादक विभागाला त्याचा पत्ता नव्हता. शॉ यांनी त्यावर चौदा पानं लिहिली, आणि ती त्याच पेपरात छापून आली. आमच्या मते या कामाची खरी कसोटी हीच.

(मोजपट्टी, कात्रण.)

आता पुराव्याचं. नुसत्या संशयावर पेड न्यूज सिद्ध होत नाही. छापील अंक त्याच दिवशी जपून ठेवायचा, पूर्ण पानासकट. कात्रणावर आवृत्ती आणि पान क्रमांक नसेल तर ते कुचकामी, कारण शहर आवृत्तीतला मजकूर बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीत असेलच असं नाही. मग रुंदी आणि उंची मोजायची. सोळा सेंटिमीटर बाय पंचवीस म्हणजे ४०० चौरस सेंटिमीटर. त्याला सरकारी जाहिरात दरानं गुणलं की काल्पनिक खर्च निघतो. निवडणूक आयोगाच्या पद्धतीत छपाईपासून ९६ तासांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची नोटीस उमेदवाराला जावी लागते आणि त्याला उत्तरासाठी ४८ तास मिळतात. खर्च धरला गेला तर तो उमेदवाराच्या खर्चमर्यादेत मोजला जातो. मध्य प्रदेशात विधानसभेसाठी ती ४० लाख आहे.

घसरगुंडी इथेच होते. पावती नसते, व्यवहार रोखीत, आणि बोलणारा वार्ताहर नाव देत नाही. म्हणून एकाच मजकुराचे दोन-तीन पेपरांतले नमुने शेजारी ठेवणं हा सगळ्यात भक्कम पुरावा. भारतीय प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीनं पेड न्यूजवर पेपरांची नावं घेऊन ७१ पानांचा अहवाल दिला होता, पण २०१०मध्ये कौन्सिलनं त्याची छोटी आवृत्तीच काढली. पूर्ण अहवाल लोकांपुढे आला तो पुढच्या वर्षी, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर.

आपल्याकडे ‘मिरर’सारखा पुरस्कार उभा करायचा, तर परीक्षकांपासून सुरुवात करावी लागेल. ज्याच्या संस्थेवर बातमी आहे, त्या परीक्षकानं त्या प्रवेशिकेपुरतं उठून बाहेर जायचं, आणि तशी नोंद निकालपत्रात छापायची.