वळचणीखालचा देश

मित्रहो, 1949 साली सिडनीत लिथुआनियन भाषेतलं एक वर्तमानपत्र सुरू झालं. नाव ‘मूसू पास्तोगे’. पास्तोगे म्हणजे छपराखालची जागा. आपण वळचण म्हणतो ना, तीच. ‘आपली वळचण’! घरदार गेलेल्या माणसांना हेच नाव सुचावं, याने मी फार हललो.

1944 मध्ये लाल सेना, म्हणजे सोव्हिएत सैन्य, पुन्हा लिथुआनियात शिरली आणि हजारो कुटुंबं पश्चिमेकडे निघाली. 14 जून 1941 ची सोव्हिएत हद्दपारी त्यांनी पाहिली होती. शेजारीपाजारी मालगाड्यांत कोंबून सायबेरियाला नेले गेले होते. युद्ध संपलं तेव्हा ही मंडळी जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत होती, आणि माझ्या मते त्यांची संघटना तिथेच घडली. छावणीत शाळा भरल्या, गाण्याचे वृंद उभे राहिले, हॅम्बुर्गला तर 1946 मध्ये लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया या तिन्ही बाल्टिक देशांच्या प्राध्यापकांनी विद्यापीठ काढलं. आज ना उद्या परत जायचं, तोवर पोरांचं वर्ष वाया जायला नको!

परत जाणं काही झालं नाही. 28 नोव्हेंबर 1947 ला पहिलं जहाज ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला लागलं. आठशेच्या वर माणसं, सगळी बाल्टिक. अट अशी, की दोन वर्षं सरकार नेमेल तिथे काम करायचं. कागदावर पुरुष मजूर आणि बाई घरकामाची, मग तिकडे कोणी डॉक्टर असो की इंजिनिअर. ऑस्ट्रेलियातल्या बोनेगिलाच्या छावणीतून कोणी उसाच्या फडावर गेलं, कोणी रेल्वेवर, कोणी इस्पितळात. पुढे सुमारे 10,000 लिथुआनियन आले, तेही असेच पांगले. अशा वेळी टपालाने येणारं वर्तमानपत्र म्हणजे काय असेल, विचार करा.

14 जून 1949 ला, मुद्दाम त्या हद्दपारीच्या तारखेला, निर्वासित नेत्यांनी जगभरच्या लिथुआनियनांसाठी एक सनद जाहीर केली: लिथुआनियन माणूस कुठेही, केव्हाही लिथुआनियनच राहील आणि भाषा हा समाजाचा सर्वांत घट्ट धागा. म्हणून शनिवारच्या शाळा आल्या. मुलाला ‘सूनुस’ आणि धुराला ‘दूमास’ म्हणणारी ही भाषा. संस्कृतातले सूनु आणि धूम आठवले असतील तुम्हाला. मग मेलबर्नला, अॅडलेडला स्वतःची ‘लिथुआनियन घरं’ झाली. बास्केटबॉलचे संघ तर हवेतच, कारण 1937 आणि 1939 चे युरोपविजेते त्यांचेच!

1974 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिटलम सरकारने बाल्टिक देशांचं सोव्हिएत संघातलं विलीनीकरण मान्य केलं, तेव्हा हे सगळं बांधकाम कामी आलं. लिथुआनियन, लाटवियन, एस्टोनियन मिळून रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात नव्या फ्रेझर सरकारने ती मान्यता मागे घेतली.

पण मला जास्त जवळचा वाटतो तो त्यांचा नाताळच्या आदल्या रात्रीचा ‘कूचोस’. टेबलक्लॉथखाली वाळलं गवत, वर बारा पदार्थ, त्यांत मांस नाही. तिकडे त्या रात्री दारात बर्फ असायचं, इथे ऐन उन्हाळा. तरी गवत पसरायचं, आधी पापडासारखी पातळ रोटी मोडून एकमेकांना द्यायची. आणि एक ताट रिकामं मांडायचं, जे गेले त्यांच्यासाठी आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी. सायबेरियात नेलेला भाऊ जिवंत आहे की नाही हेच ज्या घराला ठाऊक नव्हतं, तिथे ते ताट यांपैकी कोणाचं, हे मुलांनी विचारलं तर आई काय सांगत असेल?